स्वप्न वहीत उतरवून अबोध मनापर्यंत कसं पोचायचं

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे ना, हात पसरून उभा असलेला माणूस आणि समोर कलंडलेली बाई, तो आपण सगळ्यांनीच येता-जाता बघितलाय. हा माणूस १७५६ साली कांदोळीत जन्मला आणि पॅरिसमध्ये लोकांना संमोहनाने झोपवून दाखवायचा. त्या काळात सगळे म्हणायचे की झोपवणाऱ्याच्या हातात कसलं तरी चुंबकत्व असतं. फारियाने ठणकावून सांगितलं की तसं काही नसतं, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं. स्वप्नांचा आणि अबोध मनाचा, म्हणजे आपल्या नकळत चालणाऱ्या मनाचा, हा सगळा मामला समजून घेताना मला मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रॉइडच्या आधी हाच आठवतो, कारण पुढे १८८९ मध्ये फ्रॉइड फ्रान्समधल्या नॅन्सीला संमोहन शिकायला गेला तेव्हा तिथले डॉक्टर हीच गोष्ट मानणारे होते.

फ्रॉइडने नंतर संमोहन सोडलं. सगळ्यांना झोप लागत नव्हती, आणि लागली तरी बरं वाटणं टिकत नव्हतं. मग त्याने पेशंटला जागं ठेवून, मनात येईल ते न निवडता बोलायला सांगितलं. मराठीत याला मुक्त साहचर्य म्हणतात, नाव जड आहे पण काम साधं आहे. ते स्वतःच्या स्वप्नावर घरच्या घरी कसं करायचं ते सांगतो, मी दोन वर्षं करतोय.

पहिल्यांदा एक साधी वही उशाशी ठेवा, फोन नको. फोन हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडतं आणि तेवढ्यात स्वप्न गेलंच म्हणून समजा. जाग आली की डोळे मिटूनच एक मिनिट पडून राहा, कूस पण बदलू नका, जे आठवतं ते मनात एकदा फिरवा आणि मगच लिहा. वर्तमानकाळात लिहा, म्हणजे "मी चालतोय, समोर विहीर आहे" असं. लिहिताना स्वप्न नीटनेटकं करायचा मोह होतो, मधे जोड घालावीशी वाटते, ते करू नका, तुटक असेल तर तुटकच राहू दे. आणि पानाच्या डाव्या अर्ध्यातच लिहा, उजवा अर्धा रिकामा सोडा, तो संध्याकाळसाठी.

संध्याकाळी, दिवा लावून झाला, घरात जरा शांत झालं की वही घेऊन बसा. आता मुख्य काम. स्वप्नाचा एकदम अर्थ लावायचा नाही, त्याचे तुकडे करायचे. फ्रॉइडने स्वतःच्या स्वप्नाचं असंच केलं होतं, २४ जुलै १८९५ च्या पहाटेचं स्वप्न, व्हिएन्नाजवळ बेलव्ह्यूला राहत असताना पडलेलं. त्यात त्याची एक पेशंट होती जिला त्याच्या उपचाराने पूर्ण बरं वाटलं नव्हतं. एकेक ओळ धरून तो गेला आणि शेवटी सापडलं काय, तर तिच्या दुखण्याचा दोष माझ्यावर येऊ नये ही त्याची स्वतःचीच इच्छा. डॉक्टर माणसाने हे छापून जगाला सांगितलं याचं मला आजही फार कौतुक वाटतं. हे ज्यात छापलं ते 'स्वप्नांचा अर्थ' हे पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात आलं, वर साल मात्र १९०० टाकलं होतं, आणि पहिल्या ६०० प्रती संपायला आठेक वर्षं लागली.

तर माझंच एक स्वप्न घेऊ. मी चोडणच्या फेरीबोटीत आहे, हातात फणस आहे. फेरी धक्क्याला लागते पण फळी खाली येत नाही. फळीजवळ आमचे शाळेतले मास्तर उभे आहेत आणि कागद मागतायत. मला काळजी एकच, शर्टाला चीक लागेल. कोपऱ्यात एक पांढरी बकरी.

आता उजव्या बाजूला प्रत्येक तुकड्यासमोर पहिलं जे मनात येईल ते. फणस म्हटल्यावर आजोबांच्या भाटातलं, म्हणजे बागायतीतलं झाड. भाट म्हटल्यावर वाटणी. कागद म्हटल्यावर आदल्या दिवशी चुलतभाऊ घरी आला होता, वाटणीच्या कागदावर सही कर म्हणाला आणि मी "बघूया रे" म्हणून चहा पुढे केला होता. आदल्या दिवसाचं असं काहीतरी जवळजवळ प्रत्येक स्वप्नात असतं, फ्रॉइड त्याला दिवसाचं उरलंसुरलं म्हणायचा, म्हणून काही सुचत नसेल तर कालचा दिवस आठवा. मग मास्तर. मास्तरांना चष्मा होता का? नव्हता. स्वप्नात मात्र होता, आणि तो चुलतभावाचा होता! दोन माणसं मिळून एक झालेली, याला संक्षेपण म्हणतात. आणि सगळी भीती जाऊन बसली कुठे तर शर्टाच्या डागावर, जो खोबरेल तेलाने निघतो. मोठ्या गोष्टीचं वजन असं फालतू गोष्टीवर सरकतं ते विस्थापन. लिहिता लिहिता कळलं की मला सही करायची नाहीये आणि तसं तोंडावर म्हणायचीही माझी तयारी नाहीये. फळी खाली येत नव्हती ती माझ्याच बाजूने.

हे करताना एक जागा अशी येते की वाटतं, हे काही महत्त्वाचं नाही, हे लिहायला नको, किंवा एकदम झोप येते, स्वयंपाकघरातलं काम आठवतं. तिथेच थांबा आणि तेच लिहा. याला प्रतिरोध म्हणतात आणि माझ्या अनुभवाने दहातल्या आठ वेळा माल तिथेच असतो. फ्रॉइड पेशंटना सांगायचा की तुम्ही रेल्वेत खिडकीजवळ बसलाय असं समजा आणि बाहेर काय दिसतं ते आत बसलेल्याला सांगत जा. आपण फोंड्याहून पणजीच्या कदंब बसमध्ये बसतो तेव्हा भोम, बाणस्तारी, खाडी, जे येईल ते दिसतं, निवडून नाही बघत, तसं.

साप दिसला म्हणजे अमुक, दात पडला म्हणजे तमुक, हे तक्ते कृपया वापरू नका. स्वप्नांच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत फ्रॉइडने स्वतःच ठरावीक प्रतीकांची भर घातली, ते मला पटत नाही. माझा फणस माझ्या आजोबांचा आहे, तुमचा फणस कदाचित पोट बिघडल्याचा असेल, तुमच्याऐवजी दुसरा कोणी ते सांगूच शकत नाही.

स्वप्नं आठवतच नसतील तर स्विस मनोचिकित्सक युंगची पद्धत करून बघा. झुरिकच्या बुर्गहोल्झली इस्पितळात तो शंभर शब्दांची यादी वाचायचा, समोरच्याने पहिला सुचेल तो शब्द द्यायचा, हातात स्टॉपवॉच. जिथे उत्तर अडकतं तिथे काहीतरी गुंता आहे, आपण ज्याला कॉम्प्लेक्स म्हणतो तो शब्द त्याच्या या कामामुळेच रुळला. घरी वीस शब्द पुरतात, नारळ, पाऊस, पैसे, भाऊ, देऊळ, असले. एकाने वाचावं, फोनवर सेकंद मोजावेत. पण विश्वासाच्या माणसाबरोबरच करा आणि अडकलेल्या शब्दावरून त्याला छेडू नका.

इदम् (नुसती हाव), अहम् (मधे सांभाळून घेणारा मी) आणि पराहम् (आतला दटावणारा) ही मनाची तीन भागांची मांडणी फ्रॉइडने १९२३ मध्ये केली, वही लिहायला ती पाठ असायची गरज नाही. माझ्या स्वप्नात मात्र ते तिघेही दिसतात, भाट मलाच हवं म्हणणारा, कागद मागणारे मास्तर, आणि मधे फणस सांभाळत उभा मी.

एक सांगायलाच हवं, आजचं विज्ञान फ्रॉइडचं सगळं मान्य करत नाही, प्रत्येक स्वप्न म्हणजे लपलेली इच्छा हे तर नाहीच. त्यामुळे वहीत निघालेल्या गोष्टीला पुरावा समजू नका, विशेषतः दुसऱ्याबद्दलच्या. माझ्या स्वप्नावरून चुलतभाऊ लबाड ठरत नाही. आणि तेच भयाण स्वप्न रोज येत असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, किंवा बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात जा.

एका स्वप्नाला अर्धा तास खूप झाला. फ्रॉइड म्हणायचा की प्रत्येक स्वप्नाला एक बेंबी असते, तिथून पुढे खोल जाता येत नाही. पांढऱ्या बकरीसमोर मी तीनदा बसलो, काहीच सुचलं नाही, त्या पानावर तिच्यापुढची जागा अजून रिकामीच आहे.