सोलापूरहून थरकडे : फाल्गुनातल्या पायपिटीची तयारी

तारखांपासून सुरुवात करू, कारण त्या चुकल्या तर पुढची सगळी यादी वाया जाते. जैसलमेरच्या राष्ट्रीय मरुउद्यानात पायी फिरायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंतचे दिवस धरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. एप्रिल लागला की दुपारी वाऱ्याबरोबर वाळू उठायला लागते. फाल्गुनात मात्र दिवसा साधारण तिशीच्या आसपास तापमान, रात्री सुखद गारवा, आणि रोहिड्याला बहर. पानं थोडी, फुलं भरभरून, पिवळ्यापासून लालसर नारिंगीपर्यंत. त्या एका झाडासाठी तारखा जुळवाव्यात असं माझं मत आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरात मरू महोत्सव भरतो. तो बघायचा नसेल तर ते दिवस सोडा, खोल्या आणि जीप दोन्ही तेव्हा महागतात.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिकीट काढायला हवं. गड्ड्याची, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची, गडबड सुरू झाली की आपल्याकडे कुणाला कशाची शुद्ध राहत नाही, म्हणून हे काम नंदीध्वजांच्या मिरवणुकीआधीच उरका. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला जाणारी सूर्यनगरी, आणि जोधपूरहून जैसलमेरला रेल्वेने किंवा बसने पाच-सहा तास, हा मार्ग सरळ आहे. मुंबईत गाडी बदलताना हातात भरपूर वेळ ठेवा. पोचल्या दिवशी चालण्याचा कार्यक्रम ठेवू नका. प्रवासात आपण पाणी कमीच पितो, आणि तसंच वाळूत उतरलं की पहिल्याच दुपारी डोकं धरतं.

आता पाणी. यावर मी जास्त बोलणार आहे. आपण सोलापूरकर उन्हाला भीत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशात बाजार करून येणारी माणसं आपण. पण हा आत्मविश्वासच थरमध्ये धोक्याचा ठरतो. जैसलमेरात वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही. ज्याला आपण दुष्काळी म्हणतो त्या सोलापुरात त्याच्या अडीच-तीन पट पडतो. तिथली हवा इतकी कोरडी, वर सतत वारा, की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. सदरा कोरडाच असतो, त्यामुळे माणसाला वाटतं घामच आला नाही. शिवाय आपल्याकडे रस्त्याने चालताना थोड्या अंतरावर कडुलिंबाची सावली सापडते. तिथे तासभर चालून एक खेजडी दिसेल, आणि तिच्या सावलीत आधीच शेळ्या बसलेल्या असतील.

म्हणून हिशेब माणशी करा, गटाचा एकत्र नको. चालण्याच्या दिवशी प्रत्येकाला किमान चार ते पाच लिटर, आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर. चार लिटर म्हणजे चार किलो, हे वजन गृहीत धरूनच पिशवी भरा. दोन मोठ्या बाटल्या पाठीवर आणि एक छोटी हाताशी, अशी विभागणी बरी. एखादी फुटली किंवा कलंडली तरी सगळं पाणी जात नाही. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या. नुसतं पाणीच ढोसत राहणंही बरोबर नाही, घामावाटे गेलेलं मीठ भरून यायला हवं. ओआरएसची पाकिटं माणशी दिवसाला दोन ठेवा. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ यापेक्षा जास्त घालायचं नाही. लघवीचा रंग गडद झाला की चालणं थांबवून सावली गाठायची, हा नियम निघण्याआधी सगळ्यांकडून वदवून घ्या, विशेषतः तरुण पोरांकडून. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यायचं. यात सवलत नाही.

पाण्याचीच आणखी एक गोष्ट. गावात टांके दिसतील, जमिनीत बांधलेल्या गोल हौदासारखे, वर झाकण. त्यात पावसाचं साठवलेलं पाणी असतं आणि घरादाराचं वर्ष त्यावर काढायचं असतं. घरधनी प्रेमाने पाणी पुढे करेल. ते प्यायला घ्या, हातपाय धुवायला मागू नका.

घड्याळही बदलावं लागतं. जैसलमेर आपल्यापेक्षा जवळजवळ पाच रेखांश पश्चिमेला, त्यामुळे सूर्य वीस-पंचवीस मिनिटं उशिरा उगवतो. मार्चच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावरच खरा उजेड मानायचा. उजाडताच निघा, साडेदहाला सावलीत बसा, चारपर्यंत उठू नका. संध्याकाळची फेरी सूर्यास्ताला मुक्कामी पोचेल अशी आखा, कारण टेकाडामागे टेकाड सारखंच दिसतं आणि अंधारात पायवाट हरवते. रोज किती किलोमीटर, हे आधी कागदावर लिहिताना रस्त्यावरच्या सवयीच्या निम्मं लिहा. मऊ वाळूच्या चढावर दोन पावलं टाकली की एक मागे घसरतं.

सराव इथेच करता येतो. महिनाभर आधीपासून रोज सकाळी भरलेली पिशवी पाठीवर घेऊन चाला, कंबर तलावाला फेऱ्या मारल्या तरी चालेल. एखाद्या रविवारी पंढरपूरला जाऊन चंद्रभागेच्या वाळवंटात तासभर त्याच बुटांनी चालून बघा. पोटऱ्या कुठे भरतात आणि बूट कुठे लागतात ते तिथेच कळेल. आणि दुसऱ्या रविवारी नान्नजचं अभयारण्य. उघडं माळरान, कोरडा वारा, काळवीट, आणि दुर्बिणीतून लांबचं बघायची डोळ्यांना सवय. थरची याहून चांगली तालीम सोलापुरात दुसरी नाही.

बूट घोट्याच्या वर येणारे, पूर्ण बंद. जाळीच्या बुटांत बारीक वाळू शिरते आणि मोज्याच्या आत सहाणेसारखी घासत राहते. बुटावर आणि पोटरीवर बांधायचे कापडी पट्टे मिळतात ते घ्या. त्यांचा दुसरा उपयोग भुरटापासून वाचायला. भुरट म्हणजे तिथलं काटेरी बोंडांचं गवत. बोंड वाटाण्याहून लहान, पण त्याला चहूबाजूंनी उलटे वळलेले बारीक काटे. मोज्याला चिकटलं की बोटाने ओढू नका, काटा बोटात जाऊन मोडतो. आपल्या माळावरची कुसळं परवडली. चिमटा आणि जुना बारीक दातांचा कंगवा बरोबर असू द्या, कंगव्याने बोंडं झटक्यात निघतात. लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत विणीचे घ्या आणि दुपारच्या विसाव्यात बदला. रात्री बूट उघड्यावर ठेवले असतील तर सकाळी उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. विंचू तिथे आहेत, फुरसंही आहे.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा खाकी रंगाचे. टोपीला कडा चहूबाजूंनी हवी, मानेवर टाकायला एक पंचा. थंडीसाठी मात्र स्वेटर आणि कानटोपी घ्याच. सूर्य गेला की वाळू भराभर निवते, आणि दुपारी तापलेल्या अंगाला पहाटेचा गारवा झोंबतो. पांघरायला आपली सोलापुरी चादर. जेकॉर्डची जाड चादर वजनाला थोडी जड, पण जमिनीवर अंथरता येते, रात्री लपेटता येते, दुपारी चार काठ्यांवर ताणली तर सावली होते. एवढी कामं करणारी दुसरी वस्तू या यादीत नाही. दोघांत एक पुरेल असा विचार करू नका, माणशी एक.

खाण्याचं सोपं आहे. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दोन्ही उन्हात बिघडत नाहीत. पण कडक भाकरी चालताना कोरडी चावू नका, घशाला कोरड पडते आणि पाणी जास्त जातं. मुक्कामी छाछ, म्हणजे ताक, मिळते, तिच्यात चुरून खा. चटणी घरी सांगून कमी तिखट करून घ्या. गूळ-शेंगदाण्याचे लाडू खिशात. संध्याकाळी यजमानाच्या घरची बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी आधी सांगून ठेवली तर ताजी मिळते.

राहायला सम गावची वाळू प्रसिद्ध, जैसलमेरहून सुमारे ४० किलोमीटर. पण तिथे तंबूंच्या रांगा आणि रात्री मोठ्या आवाजातली गाणी असतात. मी खुहडीकडच्या एखाद्या गावातलं घर सुचवीन. पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला आकलचं जीवाश्म उद्यान धरा, जैसलमेरपासून सतराएक किलोमीटरवर. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे दगड झालेले वृक्ष उघड्यावर पडलेले आहेत. पोरांना आधीच बजावा, एक कपचीही उचलायची नाही.

मरुउद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. ते सगळं पायाखाली घालण्याची जागा नव्हे. परवाना जैसलमेरच्या वनखात्याकडून घ्यायचा आणि पायी कुठे, जीपने कुठे, हे वनरक्षक सांगेल तसं. सुदासरी या उद्यानातल्या राखीव भागाच्या बाजूला तर त्याच्याशिवाय पाऊल टाकू नका. प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड जवळ हवं, हा सीमेचा जिल्हा आहे आणि काही भागांत वेगळी परवानगी लागते. ड्रोन घरीच ठेवा. वाळूत लोखंडाची अनोळखी वस्तू दिसली तर हात लावू नका, जिल्ह्यात लष्कराच्या गोळीबार सरावाच्या जागा आहेत.

आणि माळढोक. खरं तर सोलापूरच्या माणसाने थरला जावं ते यासाठी. १९७९ साली आपल्याकडे नान्नजचं अभयारण्य या पक्ष्यासाठी जाहीर झालं. ज्या माळावर वडीलधाऱ्यांनी तो सहज पाहिला, तिथे आज तो दिसणं दुर्मीळ झालंय. जगात मोकळ्या निसर्गात उरलेत ते जेमतेम दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात. मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जाऊ शकतं, मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं नीट दिसत नसल्याने उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. २०१९पासून सम इथल्या केंद्रात अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. तेव्हा दिसला तर जीप थांबवा, आवाज बंद, उतरू नका. फोटोसाठी चालकाला 'अजून थोडं पुढे घे' म्हणू नका, आणि त्याने स्वतःहून घेतली तर थांबवा. ८ × ४२ची दुर्बीण गटात दोन तरी असाव्यात, तिने लांबून पुरेसं दिसतं. नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं, बिळाच्या तोंडाशी ऊन खाणारा सांडा (काटेरी शेपटीचा सरडा), यांनी डायरी भरते.

औषधांच्या डब्यात फोडांसाठी चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, तापाची गोळी, प्रत्येकाची रोजची औषधं दोन दिवस जास्तीची. साप चावला तर चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, तो अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय. उन्हाने माणूस बरळायला लागला किंवा तोल जाऊ लागला तर सावली, अंगावर ओलं कापड आणि वारा, आणि लगेच १०८. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवा, गटात दोन पॉवर बँक आणि प्रत्येकाकडे शिट्टी. कॅमेरा चेनच्या प्लास्टिक पिशवीत, आणि उघड्यावर लेन्स बदलायची नाही. रोजचा मार्ग, मुक्काम, जीपवाल्याचा नंबर आणि परत यायची वेळ हे सगळं एका कागदावर लिहून एक प्रत यजमानाकडे आणि एक सोलापुरात घरी. रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर घरच्यांनी आधी यजमानाला फोन करायचा, तिथून काही कळलं नाही तर ११२ला, हे निघण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठरवा.