फुलांच्या वासाची कॉफी घरी कशी करावी

उन्हाळ्यात पाण्याच्या माठात मोगऱ्याची चार फुलं टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सकाळी पेला तोंडाशी नेला की पाण्याआधी वास येतो. चव मात्र पाण्याचीच राहते. फुलांची कॉफी करायला बसले तेव्हा मी हा माठ विसरले होते. गुलाबाच्या पाकळ्या दुधात घातल्या आणि चांगल्या खळखळ उकळल्या. दूध मळकट झालं, चवीला पाल्यासारखं लागलं आणि गुलाबाचा वास स्वयंपाकघरभर पसरून गेला, कपात काही उरला नाही. वास म्हणजे झटकन उडून जाणारी तेलं. आच लागली की ती वाफेबरोबर निघून जातात आणि पाकळीतला कडवटपणा तेवढा मागे राहतो. म्हणून खाली दिलेल्या एकाही कृतीत फूल शिजवलेलं नाही.

आधी कॉफी निवडा

दुकानात मिळणाऱ्या फिल्टर कॉफीच्या पुड्यात बऱ्याचदा 30 ते 40 टक्के चिकोरी, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ, असते. दूध-साखरेच्या कॉफीला ती दाटपणा देते, पण तिच्या कडवट-गोड चवीखाली मोगरा पार दबून जातो. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचून बिनचिकोरीची पूड घ्या. जात अरेबिका आणि भाजणी मध्यम किंवा त्याहून हलकी असावी. काळीकुट्ट भाजलेल्या कॉफीला धुराचा वास असतो आणि धुरापुढे कुठलंच फूल टिकत नाही.

कॉफी आणि फुलं ही जोडी ओढूनताणून आणलेली नाही. कॉफीच्या झाडाला मार्च-एप्रिलच्या पहिल्या सरींनंतर पांढरी फुलं येतात. तेव्हा कूर्ग आणि चिकमगळूरचे मळे दोन-तीन दिवस पांढरे दिसतात आणि हवेला थेट मोगऱ्यासारखा वास असतो. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफी होते. इथिओपियातल्या यिर्गाचेफे भागातली हलकी भाजलेली कॉफी मिळाली, तर एकही फूल न घालता तिच्यात हा वास सापडतो. अशी कॉफी एकदा दूध न घालता पिऊन पाहा. आपल्याला कपात काय आणायचं आहे याचा नेमका अंदाज येतो.

जायफळ आणि वेलची मात्र या कॉफीपुरती डब्यातच राहू द्या. जायफळाची कॉफी मला फार प्रिय आहे, पण जायफळ पडलं की फुलाचा वास लागत नाही.

मोगऱ्याची थंड कॉफी

सगळ्या प्रकारांत ही माझी सर्वांत आवडती. हिला एक रात्र आणि पुढचा दिवस लागतो, हातांना काम मात्र दहा मिनिटांचंच.

मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी काढा, टपोऱ्या झालेल्या पण अजून न उमललेल्या. मोगरा खुडल्यानंतरही उमलत राहतो आणि रात्रीच भरभरून वास सोडतो. सकाळचं पूर्ण उमललेलं फूल दिसायला सुंदर असलं तरी त्याचा बराचसा वास देऊन झालेला असतो. देठ आणि हिरवा भाग काढून टाका, कळ्या पाण्यातून हलकेच काढा आणि कापडावर पसरा.

अर्धा लिटर पाणी उकळून पूर्ण गार करा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ते पाणी आणि 12 ते 15 कळ्या घाला, झाकण ठेवा आणि रात्रभर ओट्यावरच राहू द्या. सकाळी उठल्याबरोबर पाणी गाळून घ्या. फुलं दुपारपर्यंत तशीच राहिली, तर पाकळ्या तपकिरी पडतात आणि वास जड, उग्र होतो.

आता यातल्या 400 मिलिलिटर पाण्यात 40 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी मिसळा. दळण रव्याइतकं जाड हवं, बारीक पूड गाळताना त्रास देते. बरणी झाकून 12 तास फ्रिजमध्ये ठेवा. मग आधी चहाच्या गाळणीतून आणि नंतर दुहेरी मलमलच्या कापडातून गाळा. कापड पिळू नका, पिळलं की गाळ आणि कडवटपणा खाली उतरतो.

पेल्यात बर्फ, अर्धा पेला कॉफी, वाटलं तर चमचाभर साखरेचा पाक आणि उरलेलं मोगऱ्याचं पाणी. दूध घालू नका, दुधात मोगरा मुका होतो. ही कॉफी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते, पण पहिल्या दिवशीचा वास पुढे मिळत नाही.

मोगऱ्याशेजारी ठेवलेली कॉफी

चीनमध्ये जॅस्मिन चहा करताना मोगऱ्याच्याच जातीच्या कळ्या चहापत्तीत मिसळून रात्रभर ठेवतात आणि सकाळी फुलं काढून टाकतात. उत्तम प्रतीच्या चहासाठी दर वेळी ताज्या कळ्या घेऊन हे अनेकदा करतात. कॉफीची पूडही शेजारचा वास असाच ओढून घेते. फ्रिजमध्ये उघडी राहिली तर तिला कांद्याचा वास लागतो, हे आपण पाहिलेलंच असतं. तोच गुण इथे कामाला लावायचा.

घट्ट झाकणाच्या डब्यात 30 ग्रॅम कॉफी पसरा, वर मलमलचं कापड, त्यावर वीसेक कोरड्या कळ्या. कळ्या खरोखर कोरड्या हव्यात, नाहीतर पुडीच्या गुठळ्या होतात. झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी कापडासकट फुलं उचलून घ्या. वास कमी वाटला, तर दुसऱ्या रात्री नव्या कळ्या ठेवा.

ही पूड दोन दिवसांत संपवा, कारण फुलांचा ओलावा तिच्यात शिरलेला असतो. पितळेच्या किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये तीन मोठे चमचे पूड घाला, हलकी दाबा आणि 120 मिलिलिटर पाणी ओता. पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून ओतलेलं बरं. झाकण लावा आणि वीस मिनिटं उघडू नका. डिकॉक्शन उतरलं की त्यात गरम पाणी मिसळून काळीच प्या. वास थंड कॉफीपेक्षा फिका असतो, पण गरम घोटाबरोबर नाकात चढतो.

गुलाबाची दुधाची कॉफी

गुलाबाची गोष्ट वेगळी. त्याचा वास दुधात छान मुरतो. यासाठी गुलकंद सर्वांत सोपा. 150 मिलिलिटर दूध उकळून गॅस बंद करा. दीड चमचा गुलकंद चमच्याने चेचून त्यात घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि गाळा. त्यात 50 मिलिलिटर घट्ट, गरम डिकॉक्शन ओता. वेगळी साखर लागत नाही. गुलकंद घेताना त्यात बडीशेप किंवा वेलची घातलेली नाही ना, ते बघा. विड्याच्या पानाची चव हवी असेल तर गोष्ट निराळी.

पाक करायचा असेल तर गावठी, वासाचे गुलाब हवेत. 25 ग्रॅम पाकळ्यांच्या बुडाचा पांढरट भाग कापून टाका, तो कडू असतो. 200 ग्रॅम साखर 200 मिलिलिटर पाण्यात विरघळेपर्यंत गरम करा, तार येऊ द्यायची नाही. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा, मग पाकळ्या घाला आणि झाकून पाच-सहा तास ठेवा. गाळून स्वच्छ कोरड्या बाटलीत भरा, फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो. लिंबाचे थेंब टाकले तर रंग सुरेख गुलाबी होतो, पण तो पाक काळ्या थंड कॉफीसाठीच ठेवा. गरम दुधात कॉफीचा आणि लिंबाचा आंबटपणा एकत्र आला तर दूध फाटू शकतं.

घाईच्या सकाळी गुलाबजल आहेच. कप भरून झाल्यावर शेवटी अर्धा चमचा घाला, त्याआधी नाही. बाटली खाण्याच्या गुलाबजलाची हवी, त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक असतो. चेहऱ्याला लावायचं गुलाबजल कॉफीत चालत नाही. बाजारचं लाल सरबत मी घालत नाही, त्याच्या साखरेपुढे कॉफी उरत नाही.

केवडा फार जोरकस. केवडा-जलाचे तीन-चार थेंब एका कपाला पुरतात, इसेन्स असेल तर काडीच्या टोकावर येईल तेवढाच. लॅव्हेंडरची सुकी फुलं मिळाली, तर वाटीभर गरम पाकात अर्धा चमचा, दहा मिनिटं, मग लगेच गाळा. जास्त वेळ राहिली की कॉफीला साबणाचा वास येतो.

कोणती फुलं घ्यायची नाहीत

हा भाग कृपया वगळू नका. फुलवाल्याकडचे लांब दांड्याचे गुलाब किंवा तयार गजरा वापरू नका. ती फुलं शोभेसाठी वाढवलेली असतात आणि त्यांच्यावरची फवारणी पोटात जाण्याचा विचार करून केलेली नसते. कुंडीतली, स्वतः वाढवलेली, औषध न मारलेली फुलंच घ्या.

मोगरा ओळखण्यात चूक होऊ देऊ नका. दुहेरी पाकळ्यांची तगर लांबून मोगऱ्यासारखी दिसते आणि ती खाण्याची नाही. देठ तोडून बघा: पांढरा चीक आला तर ती तगर. मोगऱ्याला चीक नसतो. कण्हेर आणि पिवळी बिट्टी तर पूर्ण विषारी आहेत, त्यांचं फूल सजावटीलाही कपावर ठेवू नका.

मोगऱ्याचा बहर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. पुढे कळ्या भिजतात आणि वास उतरतो. तेव्हा बरणी धुऊन ठेवते आणि गुलकंदाची बाटली पुढे घेते.