इंडेक्स होता, पण क्वेरी त्याच्याकडे बघतच नव्हती

डेटाबेसमधल्या ऑर्डर्सच्या टेबलवरचा दिवसाचा रिपोर्ट महिन्यागणिक रेंगाळायला लागला. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, हव्या ओळी पटकन शोधून देणारी रचना) मीच लावलेला, त्यामुळे दोन दिवस सर्व्हरच्या मेमरीला दोष देत बसलो. शेवटी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्वेरीच्या (डेटा मागणाऱ्या आज्ञेच्या) आधी ‘एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ’ लावून ती कशी चालते ते पाहिलं, तर सिक्वेन्शियल स्कॅन! म्हणजे अख्खं टेबल वाचलं जात होतं.

घोळ ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत होता. तोच टाइमस्टॅम्पचा (तारीख आणि वेळ एकत्र असलेला) कॉलम मी फक्त तारीख काढून देणाऱ्या ‘डेट’ फंक्शनमध्ये गुंडाळला होता. बी-ट्री (नेहमीच्या प्रकारच्या) इंडेक्समध्ये मूळ टाइमस्टॅम्प क्रमाने लावलेले असतात, फंक्शनमधून निघालेली तारीख तिथे नसतेच. मग प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) तरी काय करणार? अट बदलली: त्या दिवसाच्या मध्यरात्रीपासून पुढे आणि दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीच्या आधी. लगेच इंडेक्स स्कॅन दिसला.

मग हाव सुटली. ग्राहकानुसार यादीसाठी दोन कॉलमांचा जोड इंडेक्स केला. आधी तारीख पुढे ठेवली होती, ते चुकलं: बरोबरीची अट असलेला कॉलम (इथे ग्राहक) आधी, मर्यादेचा (इथे तारीख) नंतर. चालू सर्व्हरवर इंडेक्स बनवताना आज्ञेत ‘कॉन्करंटली’ लिहायला विसरू नका, नाहीतर इंडेक्स तयार होईपर्यंत टेबलमध्ये नवं काही लिहिता येत नाही. वापरात नसलेले २ जुने इंडेक्स मात्र काढून टाकले. प्रत्येक इन्सर्टला (नवी ओळ घालताना) त्यांचा भुर्दंड पडत होता.