टेनेसीतील सीडर ग्लेडचे निरीक्षण कसे करावे

मध्य टेनेसीतील चुनखडीची ही उघडी माळराने पाहताना सुरुवात खडकापासून करावी. सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साठलेला हा थर जेथे जेमतेम बोटभर मातीखाली असतो, तेथे मोठी झाडे रुजत नाहीत आणि दुर्मीळ वनस्पतींना भरपूर ऊन मिळते. हिवाळ्यात पाणी धरणारे आणि उन्हाळ्यात रखरखीत होणारे खोलगट भाग नीट निरखावेत, कारण लेव्हनवर्थियाची इवली फुले वसंताच्या आरंभी तेथेच दिसतात. टेनेसी कोनफ्लॉवरसाठी मात्र जूनमध्ये जावे. किंचित वर वळलेल्या जांभळट पाकळ्या आणि पूर्वेकडे तोंड केलेली फुले, एवढी खूण पुरे. 1979 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आलेली ही जात 2011 मध्ये त्या यादीतून वगळली गेली असली, तरी रोप उपटू नये. पावसानंतर फुगणारे काळपट नॉस्टॉक (सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांचे शेवाळासारखे पुंजके) तुडवू नये. पाय कोरड्या खडकावरच ठेवावा.