'सुधारणा' हा शब्द कोठे आणि कसा वापरावा

अर्ज, अहवाल किंवा ग्रामसभेचा ठराव लिहिताना 'सुधारणा' हा शब्द चटकन सुचतो, म्हणूनच तो नको तेथेही पडतो. लिहिण्यापूर्वी चूक किंवा बिघाड काढायचा आहे, की आहे ती स्थिती अधिक चांगली करायची आहे, हे ठरवावे. पहिल्यासाठी 'दुरुस्ती' आणि दुसऱ्यासाठी 'सुधारणा' हा शब्द योग्य ठरतो.

वाळवा किंवा मिरज तालुक्यातील शेतकऱ्याला हे दोन्ही शब्द लागतात. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव चुकीचे पडले असेल, तर 'सातबाऱ्यात सुधारणा करावी' असे लिहू नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 मध्ये लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद आहे, म्हणून 'नावाची दुरुस्ती करून मिळावी' असेच लिहावे. त्याचेच कृष्णाकाठचे रान उसाला अति पाणी दिल्याने क्षारपड झाले असेल आणि जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा असेल, तर ती मात्र जमीन सुधारणा होय. कायद्याच्या भाषेत हा भेद टिकत नाही: 'घटनादुरुस्ती' रूढ आहे, तर राज्याच्या अधिनियमांच्या नावात 'सुधारणा' असते. तेथे रूढ संज्ञा आहे तशीच ठेवावी.

समाजाच्या संदर्भात या शब्दाला वेगळे वजन आहे. कराडजवळच्या टेंभू गावी 1856 मध्ये जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 1888 मध्ये 'सुधारक' हे पत्र काढले, तेव्हा रूढी विवेकाला पटते का, हा प्रश्न त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी होता. म्हणून नुसत्या रंगरंगोटीला 'सुधारणा' म्हणणे मला पटत नाही.

व्याकरणात सर्वांत जास्त चूक सामान्यरूपात होते. शब्द स्त्रीलिंगी असल्याने 'सुधारणाचा', 'सुधारणामुळे' ही रूपे अशुद्ध आहेत. एकवचनी 'सुधारणेचा', 'सुधारणेमुळे' आणि अनेकवचनी 'सुधारणांचा', 'सुधारणांमुळे' असे लिहावे. 'सुधार आणला' ही हिंदीची छाया टाळावी. क्रियापदाने भागत असेल तेथे नाम ओढून आणू नये: 'तब्येतीत सुधारणा झाली' यापेक्षा 'तब्येत सुधारली' अधिक मोकळे वाटते. वस्तूसाठी 'सुधारित' वापरावे, जसे हळदीचे सुधारित वाण किंवा सुधारित अंदाजपत्रक.

माणसाविषयी लिहिताना विशेष जपावे. 'मुलगा सुधारला' म्हटले की पूर्वी तो बिघडलेला होता असा अर्थ निघतो, म्हणून शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात 'गणितात चांगली सुधारणा आहे' असे विषयाचे नाव घालून लिहावे.