२५ टक्के प्रवेश देणाऱ्या शाळांनो, या चुका टाळा

पुण्यातल्या विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मी गेली चौदा वर्षं शिकवते आहे. शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) खासगी शाळांनी २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना मोफत द्यायची तरतूद आहे. ती सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये कायम केली, त्याच वर्षी मी नोकरीला लागले. त्यानंतर मुख्याध्यापक बदलले, प्रवेशाचं पोर्टल बदललं, लॉटरीच्या तारखा बदलल्या. चुका मात्र त्याच राहिल्या आणि आता त्या बघवत नाहीत.

पहिली चूक, मुलावर शिक्का मारणं. माझ्या एका जुन्या शाळेत हजेरीपटावर या मुलांच्या नावापुढे लाल शाईने ‘आर’ लिहायचे. सरकारकडून येणाऱ्या शुल्कप्रतिपूर्तीचा हिशेब ऑफिसला सोपा जावा, एवढाच हेतू. पण हजेरीपट टेबलावर उघडा पडलेला असतो आणि दुसरीतल्या मुलांना वाचता येतं. डब्याच्या सुट्टीत एका मुलीने शेजारणीला विचारलं, “तू आर आहेस ना? मग तुला पुस्तकं फुकट मिळतात.” ती शेजारीण त्यानंतर महिनाभर दप्तरातून पुस्तक काढताना मुखपृष्ठावर हात ठेवायची. मी त्या रात्री घरी बसून अख्खा हजेरीपट नव्याने उतरवला. तेव्हापासून दर वर्षी दिवाळीपर्यंत मी या मुलांची यादी ऑफिसकडून मागतच नाही. स्टाफरूममध्ये कुणी ‘ती आरटीईवाली’ म्हणालं, की मी मुलीचं नाव विचारते आणि नाव सांगेपर्यंत पुढे बोलत नाही.

याच चुकीचं मोठं रूप म्हणजे वेगळी तुकडी. केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की या मुलांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत. पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांतही फरक करायचा नाही. तरी “आधी त्यांना वेगळं तयार करू, मग मिसळू” असं सुचवणारे नवे समन्वयक दर दोन वर्षांनी भेटतात. त्यांना एका सत्रात निकाल हवा असतो. वेगळी काढलेली तुकडी पुन्हा मिसळलेली मी एकदाही पाहिलेली नाही.

दुसरी चूक आईवडिलांशी बोलण्यातली. एकदा फीच्या थकबाकीची इंग्रजी सूचना ॲपवरून सरसकट सगळ्या पालकांना गेली. या मुलांना ती लागूच नव्हती, पण वेगळं कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा आठ दिवस आला नाही. फोन बंद होता म्हणून मी घरी गेले. त्याच्या आईने शेजारच्या मुलाकडून सूचना वाचून घेतली होती. ‘फी’ आणि ‘परीक्षेला बसू देणार नाही’ एवढंच तिला समजलं होतं. दारातच तिने माझ्या हातात दीड हजार रुपये ठेवले, भिशीतून उचललेले. “बाकीचे पुढच्या महिन्यात देते बाई, पण त्याला बसू द्या.” पैसे परत देताना मला तिच्याकडे बघवेना.

आता माझ्या वर्गाची प्रत्येक सूचना मी स्वतः मराठीतही लिहिते आणि ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना आवाज रेकॉर्ड करून पाठवते. पालकसभेत आधी मराठीत बोलते. भाषांतराच्या ॲपवर हे काम सोपवू नका. सूचनेचा सूर त्यातून कळत नाही आणि घाबरलेल्या माणसाला आधी सूरच ऐकू येतो.

काही चुका थोडक्यात. वाढदिवसाला भेटवस्तू वाटू देऊ नका, वर्गाने गाणं म्हटलं की पुरे. प्रोजेक्टचं सामान घरून मागवू नका, शाळेतच ठेवा. वर्गात मराठी बोलल्याबद्दल दंड असेल तर आजच बंद करा. वर्षातून एकदा वेशभूषा करून ‘विविधता दिन’ साजरा करण्यापेक्षा दर सोमवारी बाक बदला.

उशिरा आलेल्या मुलाला कच्चं ठरवू नका. २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या २५ टक्के प्रवेशांतून सूट देणारा बदल राज्य सरकारने केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९ जुलैला रद्द केला. या सगळ्यात मुलं वर्गात पोचेपर्यंत आमचे दोन धडे होऊन गेले होते. बाकीच्यांच्या मैत्र्याही जमल्या होत्या. धडे मी पंधरा दिवसांत भरून काढले. मैत्रीसाठी मात्र डब्याच्या वेळी रोज त्यांच्यात जाऊन बसावं लागलं, थेट दिवाळीपर्यंत.

आणि आठवीनंतरचा विषय शेवटच्या एप्रिलपर्यंत झाकून ठेवू नका. मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच आहे; नववीला पूर्ण फी समोर येते आणि आठ वर्षं एकत्र वाढलेल्या वर्गातून चार-पाच मुलं गुपचूप कमी होतात. मी सहावीतच पालकांना बोलावते, नववी-दहावीच्या फीचा आकडा कागदावर लिहून देते, जवळच्या अनुदानित शाळांची माहिती देते आणि तोच कागद विश्वस्तांपुढेही ठेवते. गेल्या वर्षी त्यांनी दोन मुलींची दहावीपर्यंतची फी माफ केली. या वर्षीच्या यादीत तिघं आहेत.