जुन्या इमारतीत अग्निसूचना यंत्रणा बसवण्यापूर्वी करावयाची तयारी

बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली या भागांत किंवा शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत अशा अनेक इमारती आहेत, ज्यांच्या तळमजल्यावर दुकान वा यंत्रमाग, माडीवर कुटुंब किंवा भाडेकरू विद्यार्थी आणि त्यावरच्या माळ्यावर वर्षानुवर्षांचे सामान असते. खानापुरातील कौलारू घरे व शाळा आणि निपाणीतील तंबाखूच्या वखारी यांचीही घडण जुनीच आहे. या इमारतींत अग्निसूचना यंत्रणा बसवायचे ठरले, की सर्वप्रथम दरपत्रके मागवली जातात आणि तिथेच चूक होते, कारण इमारत पुरती न मोजता आलेले दरपत्रक म्हणजे नुसत्या उपकरणांची किंमत असते. पुढील यादी कामाच्या क्रमाने दिली आहे. तिचा अर्ध्याहून अधिक भाग खरेदीच्या आधीचा आहे.

प्रथम कागद एकत्र करावेत. सिटी सर्व्हेचा उतारा, मंजूर नकाशा असल्यास त्याची प्रत, प्रत्येक मजल्याचा आजचा प्रत्यक्ष वापर, रात्री किती माणसे झोपतात आणि जमिनीपासून इमारतीची एकूण उंची, एवढी माहिती एका कागदावर लिहून काढावी. नकाशात 'राहते घर' असे लिहिलेले असले आणि वर वीस मुलांचे वसतिगृह चालत असले, तर यंत्रणा वसतिगृहाला पुरेल अशी हवी. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ चा चौथा भाग अग्नी आणि जीवित सुरक्षेविषयीचा असून त्यात निवासी, शैक्षणिक, सभास्थाने, व्यापारी, औद्योगिक, साठवणीच्या इमारती असे वापरानुसार गट पाडले आहेत आणि कोणत्या गटाला, किती उंचीवर, कोणती व्यवस्था हवी हे कोष्टकात दिले आहे. त्याच संहितेत १५ मीटर वा त्याहून उंच इमारत 'उंच इमारत' ठरते. शोधक, म्हणजे धूर वा उष्णता ओळखणारी उपकरणे, कुठे आणि कशी बसवावीत याचे तपशील मात्र भारतीय मानक २१८९ मध्ये आहेत, म्हणून ठेकेदाराशी बोलताना या दोन्हींची नावे घ्यावीत आणि काम त्यांना धरूनच होईल असे करारात लिहून घ्यावे.

सीमाभागात आणखी एक गोंधळ नेहमीचा आहे. आपल्याकडचे बरेचसे ठेकेदार कोल्हापूर किंवा चंदगडकडून येतात आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी व जुलैत द्यावयाच्या, यंत्रणा सुस्थितीत असल्याच्या 'ब' नमुन्याच्या प्रमाणपत्राची भाषा बोलतात. तो नमुना इकडे चालत नाही. इकडे १९६४ चा कर्नाटक अग्निशमन दल कायदा आणि कर्नाटक राज्य अग्निशमन व आपत्कालीन सेवा विभाग यांचा संबंध येतो, तर बांधकामविषयक परवानगीसाठी महानगरपालिका, आणि इमारत कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीत, असेल तर कटक मंडळ (कँटोन्मेंट बोर्ड). राष्ट्रीय संहिता स्वतः शिफारसवजा असून राज्याच्या व स्थानिक संस्थेच्या नियमांतून ती बंधनकारक होते. त्यामुळे आपल्या इमारतीला नेमके काय लागू आहे, हे जवळच्या अग्निशमन ठाण्याला लेखी अर्ज करून लेखीच विचारावे. तोंडी मिळालेले उत्तर यादीत धरू नये.

त्यानंतर इमारत मोजावी. टेप, शिडी, टॉर्च आणि घरातील एखादे जुने माणूस एवढ्यावर हे काम होते. शेवटची गोष्ट सर्वांत उपयोगी, कारण कोणती खोली नंतर दोन खणांची एक झाली आणि कोणत्या भिंतीआड बुजवलेला जिना आहे, हे त्यालाच माहीत असते. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि छताचा प्रकार लिहावा. कडीपाटाच्या छतात मुख्य तुळई किती खाली उतरते हे आवर्जून मोजावे, कारण तुळईची खोली छताच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक असेल तर तिला भिंतीसारखे समजून तिच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र शोधक देण्याची रीत आहे. अडीच मीटर उंचीच्या माडीत पाव मीटरहून खोल तुळई म्हणजे काही नवल नाही. बाहेरगावचा ठेकेदार नेमकी हीच गोष्ट सपाट छत समजून सोडून देतो. फॉल्स सीलिंग घातले असल्यास त्याच्या वरची पोकळीही मोजावी. ती ८०० मिलिमीटरहून उंच असेल तर तिच्या आतही शोधक लागतो, आणि जुन्या दुकानांत मूळ छत उंच असल्यामुळे ही पोकळी बहुधा त्याहून मोठीच निघते. वायरींचे सर्व जुने जोड त्याच अंधारात असतात.

शोधकाची निवड खोलीत रोज काय चालते यावर करावी. सपाट छताखाली, खोलीतील कोणत्याही बिंदूपासून जवळचा धूरशोधक साडेसात मीटरच्या आत आणि उष्णताशोधक ५.३ मीटरच्या आत असावा, तसेच तो भिंतीपासून निदान अर्धा मीटर सुटा असावा, हे ढोबळ माप. शयनगृह, जिना, मार्गिका, कार्यालय, कपड्यांचे दुकान येथे धूरशोधक योग्य होय. स्वयंपाकघर, चूल वा पाणी तापवण्याचा बंब असलेली जागा आणि रोज धूप-अगरबत्ती लागणारे देवघर येथे उष्णताशोधक द्यावा, नाहीतर आठवड्यात चार वेळा भोंगा वाजेल आणि पाचव्या वेळी कोणीतरी वायर काढून ठेवील. मंगल कार्यालयात होम कुठे होतो हे विचारून घ्यावे. तंबाखूच्या वखारीत धूळ आणि यंत्रमागाच्या खोलीत सुताचे तंतू धूरशोधकाच्या जाळीत बसतात. तिथे उष्णताशोधक वापरावा किंवा धूरशोधकच लागत असेल तर साफसफाईचा अवधी महिन्यावर आणण्याची तयारी ठेवावी. कौलारू छप्पर हा वेगळाच विषय आहे. उताराच्या छपरात धूर आढ्याकडे जातो, म्हणून शोधकांची एक ओळ आढ्यापासून ६०० मिलिमीटरच्या आत असावी लागते. पण मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा व धूर दोन्ही निसटतात, आणि पावसाळ्यात त्याच फटींतून तुषार आत येतात. खानापूरच्या पावसात उघड्या कौलांखाली बसवलेला शोधक एक मोसम काढील याचा भरवसा नाही. तिथे आधी कौलांखाली फळ्यांचा वा बोर्डाचा तक्तपोशी थर करून घ्यावा आणि मगच शोधक लावावा. हा सुतारकामाचा खर्च दरपत्रकात कोणीही दाखवत नाही.

वायर कशी न्यायची हे भिंतींवर अवलंबून आहे. जांभ्याच्या, काळ्या दगडाच्या वा मातीच्या जाड भिंती फोडून पाइप गाडण्याचा आग्रह धरू नये. चुन्याचा गिलावा एकदा निघाला की हातभर सुटतो. लोखंडी पाइप तुळईच्या कडेने, नजरेआड, पण उघडाच न्यावा. तुळईला भोक पाडावेच लागले तर ते तिच्या उंचीच्या मध्यावर पाडावे, खालच्या कडेला खाच कधीही करू नये, आणि त्याआधी वाळवीसाठी ठोकून पाहावे. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते, म्हणून त्यांना ड्रिल लावू नये. बिनतारी शोधकांचा पर्याय जुन्या वाड्यांना सोयीचा असतो; मात्र दोन फुटी दगडी भिंतीतून संदेश पोहोचतो की नाही, याची चाचणी खरेदीपूर्वी त्याच जागेत घ्यावी आणि प्रत्येक शोधकाचा सेल बदलण्याचा वार्षिक खर्चही धरावा. लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग घरात अजून चालू असेल, तर अलार्मच्या आधी ती बदलणे शहाणपणाचे. आग लागण्याचे कारण तसेच ठेवून आग कळवण्याची सोय करणे हा उलटा क्रम झाला.

आता वीजपुरवठा. बाजारपेठेतील दुकानदार रात्री दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढतात आणि ती सवय आगीच्या दृष्टीने चांगलीच आहे. परंतु पॅनल, म्हणजे शोधक व भोंगे जिथे जोडले जातात ती नियंत्रण पेटी, त्याच स्विचच्या पुढे जोडलेले असेल तर ते रोज रात्री दहा-बारा तास बॅटरीवर चालते, सकाळी जेमतेम भरते, आणि वर्षभरात बॅटरी निकामी होते. एरवी तीच बॅटरी तीन-चार वर्षे टिकली असती. म्हणून मीटरनंतर लगेच, दुकानाच्या मेन स्विचच्या अलीकडून, पॅनलसाठी स्वतंत्र फ्यूज व लाल रंगाचा स्विच घ्यावा आणि हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, हेस्कॉम या वीज कंपनीच्या नियमाप्रमाणे करून घ्यावे. अर्थिंग मोजून घ्यावे, आणि वीज कडाडण्याचे प्रमाण पाहता खानापूर पट्ट्यात विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणारा सर्ज संरक्षकही बसवावा. बॅटरीचा हिशोब ठेकेदाराकडून कागदावर मागावा. तो अवघड नाही. समजा शांत स्थितीत यंत्रणा पाव अँपिअर घेते, तर चोवीस तासांचे ६ अँपिअर-तास झाले. भोंगे वाजत असताना २ अँपिअर धरल्यास अर्ध्या तासाचा १. एकूण ७, आणि बॅटरी जुनी झाल्यावर कमी पडू नये म्हणून चौथा हिस्सा वाढवला की पावणेनऊ. अशा ठिकाणी सात अँपिअर-तासांची बॅटरी 'सगळीकडे हीच बसवतो' म्हणून पुढे केली जाते. ती घेऊ नये.

आवाजाकडे बहुतेक जण शेवटी पाहतात आणि माझ्या मते तेच सर्वांत महाग पडते. माणसे वावरतात तिथे सर्वत्र किमान ६५ डेसिबल किंवा नेहमीच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल अधिक, यांपैकी जे जास्त असेल ते, आणि झोपलेल्या माणसाला उठवायचे असेल तर उशीपाशी ७५ डेसिबल आवाज हवा. भोंग्याच्या खोक्यावर लिहिलेला १०० डेसिबलचा आकडा एक मीटर अंतरावरचा असतो. अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे दोन मीटरवर ९४, चारवर ८८, आठवर ८२. त्यात एक बंद दार आले की साधारण २० आणखी गेले आणि उशीपाशी ६२ उरले. एका वसतिगृहात मी स्वतः चाचणीला उभा होतो. जिन्यातला भोंगा कान फाडत होता आणि दोन दारांआड, पंखा लावून झोपलेली मुले कूसही न बदलता पडून होती. पुढे प्रत्येक खोलीत लहान भोंगा बसवावा लागला, वायर पुन्हा ओढावी लागली आणि नुकताच दिलेला रंग पुन्हा द्यावा लागला. यंत्रमागाच्या खोलीत गोंगाटच इतका असतो की तिथे भोंग्याबरोबर झगझगणारा दिवाही लागतो. ऐकू कमी येणारी वडीलधारी माणसे कोणत्या खोलीत झोपतात, हेही नकाशावर नोंदवावे.

पॅनलची जागा तळमजल्यावर, प्रवेशाजवळ आणि दिवसरात्र कोणीतरी असेल अशी निवडावी. प्रत्येक मजल्याचा किमान एक स्वतंत्र विभाग असावा. इमारत मोठी व खोल्या अनेक असतील तर प्रत्येक शोधकाचा क्रमांक दाखवणारी ॲड्रेसेबल पद्धत घ्यावी, दोन-तीन मजल्यांच्या घराला साधी विभागवार पद्धत पुरते. हाताने दाबायच्या लाल पेट्या जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर, प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी आणि बाहेर पडण्याच्या दाराजवळ असाव्यात. त्यांच्यापुढे गाठोडी रचली जाणार असतील तर आजच दुसरी जागा पाहावी. पॅनलवरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात, म्हणून शेजारी क्रमांकवार नकाशा कन्नड आणि मराठी दोन्हींत लावावा. येणाऱ्या अग्निशमन जवानांना कन्नड लागेल आणि घरातल्या आजींना मराठी. ध्वनिफितीची सूचना असेल तर तीही दोन्ही भाषांत, छोटी, 'जिन्याने खाली उतरा' इतकी साधी असावी.

पण उतरायला जिना मोकळा असला पाहिजे. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूरच्या कार्लटन टॉवर्स या इमारतीला लागलेल्या आगीत नऊ जण दगावले, ते मुख्यतः धुरामुळे आणि सुटकेच्या धडपडीत. म्हणून यंत्रणेच्या यादीतच जिन्याखालचे गॅस सिलिंडर, पोती आणि मोटारसायकली हलवण्याची, तसेच गच्चीच्या दाराचे कुलूप आतून किल्लीशिवाय उघडेल असे करण्याची नोंद घालावी. अरुंद गल्लीत आग विझवणारा बंब कुठवर येऊ शकतो, हे अग्निशमन ठाण्यातील अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष बोलावून दाखवावे.

शेवटी करार आणि चाचणी. पैशाचा शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्यायचा, असे आधीच ठरवावे. प्रत्येक शोधकावर चाचणीचा धूर वा उष्णता देऊन पॅनलवर योग्य जागा दिसते का ते पाहावे, एक शोधक काढून पॅनल बिघाड दाखवते का ते पाहावे, मुख्य वीज तोडून एक दिवस यंत्रणा बॅटरीवर ठेवावी आणि त्यानंतर अर्धा तास भोंगे वाजवावेत. आजूबाजूच्या घरांना त्याची कल्पना आदल्या दिवशी द्यावी, नाहीतर ११२ वर फोन जाईल. प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणेचा नकाशा, पॅनलचा पासवर्ड आणि हमीपत्रे मालकाच्या ताब्यात घ्यावीत. पासवर्ड ठेकेदाराकडेच राहिल्याने पुढे साध्या दुरुस्तीसाठी अडलेली घरे मी पाहिली आहेत. पॅनलशेजारी दोरीने बांधलेली एक वही ठेवून तिच्यात आठवड्याला एका लाल पेटीची चाचणी, प्रत्येक खोटा इशारा आणि त्याचे कारण, शोधकांची सफाई आणि बॅटरी बसवल्याची तारीख लिहावी. पहिली रात्रीची कवायत पावसाळ्यापूर्वी, मुले सुटीला घरी जाण्याच्या आधी ठेवावी, आणि ती घेताना पंखे चालू व दारे बंद असावीत.